आज जरा वाढलो

मेलबर्नमध्ये जून लागला, या वर्षी पहिल्यांदाच हीटिंग सुरू केलं आणि छतातल्या गरम हवेच्या जाळ्यांतून तो ओळखीचा वास आला, वर्षभर साचलेली धूळ भाजल्याचा. अमेय, म्हणजे माझा नवरा, हात चोळत म्हणाला, "आला बाबा हिवाळा." तेवढ्यात हॉलमधल्या स्मोक अलार्मने एकदाच टुक् केलं. बॅटरी संपत आली की तो असा अधूनमधून ओरडतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी हातातला कप खाली ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. अमेयने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गॅरेजमधून शिडी आणायला गेला.

लोकांचा हिवाळा थंडीने येतो. गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा दिसतो, ऑगस्टकडे वॅटलच्या झाडांना पिवळी फुलं येतात, पोरं नाकं पुसत फिरतात. माझा हिवाळा गेली काही वर्षं छातीत येतो. त्या एका हिवाळ्याची भीती मी आजवर पूर्ण झटकू शकलेले नाही, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही राहिलेली नाही.

क्रेगीबर्नमधली आमची घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. पुढे गॅरेज, मागे हातभर अंगण, आणि शेजाऱ्याची शिंक आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यावी इतक्या जवळ भिंती. आमच्या डाव्या बाजूला सावककाका राहत. सावक तवडिया, पारशी, मूळचे मुंबईचे, वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, आणि व्यवसायाने कादंबरीकार. हे शेवटचं मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं. माझ्या लेखी ते म्हणजे रोज सूर्यास्ताला स्मोक अलार्म वाजवणारे आजोबा.

रोज म्हणजे अगदी रोज. दिवस मावळला की ते डोक्यावर टोपी घालून चांदीच्या धुपाटण्यात निखारे घेत, त्यावर लोबान टाकत आणि घरभर धूर फिरवत. देवासमोर पेल्यात पाणी, त्यावर तेल आणि तेलावर तरंगणारी वात. त्यांची बायको पेरीन गेली त्या दिवसापासून तो दिवा त्यांनी कधी विझू दिला नव्हता. आता इथल्या घरांची छतं ती केवढी! धूर दोन मिनिटांत वर पोचायचा आणि अलार्म बोंबलायला लागायचा. मग काका खाली उभे राहून टी-टॉवेल हलवत. आम्हाला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला मी वैतागून गेले होते. शिफ्ट करून यावं, जरा डोळा लागावा आणि हा कर्कश्श आवाज. शेवटी एकदा अमेयला घेऊन त्यांच्याकडे गेले. "काका, हा तुमच्या हॉलमधला अलार्म काढून देतो," अमेय म्हणाला.

"नको रे," काका म्हणाले. "ते आगीला घाबरणारं यंत्र आहे. आगीसमोर ओरडणारच. आपण कशाला त्याचा गळा दाबायचा? मी सांगते तुला, दोन मिनिट ओरडते आणि गप बसते. बायकोसारखं नाय." आणि लगेच पेरीनच्या फोटोकडे बघून कान पकडले.

'मी सांगते', 'मी लिहिते', 'मी जाते'. क्रियापदाचं लिंग त्यांनी जन्मात कधी मनावर घेतलं नाही. मला ते 'डिकरी' म्हणत, म्हणजे मुलगी. मीनल हे माझं नाव त्यांना फक्त पाकिटावर लिहायला लागायचं.

अठ्ठाविसाव्या वर्षी ते पेरीन आणि तिचं शिवणयंत्र घेऊन मेलबर्नला आले. मुंबईत कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इथे त्यांच्या इंग्रजीचा उच्चार कोणाला पटेना, म्हणून रेल्वेत चिकटले, तेही हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. छत्र्या, दातांच्या कवळ्या, एकदा एक व्हायोलिन, एकदा लग्नाचा केक. माणसं येत, आपली वस्तू कशी होती ते वर्णन करत आणि काका ते फॉर्मवर लिहून घेत. "माणूस हरवलेल्या छत्रीबद्दल जे बोलतो ना, तसा बायकोबद्दल पण बोलत नाय," ते म्हणायचे. "तिथेच मी लिहायला शिकला." दुपारी जेवणाच्या सुटीत त्याच फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पहिली कादंबरी लिहिली.

ती बरीच वर्षं नकार खात फिरली. एका प्रकाशकाने कळवलं होतं म्हणे, की तुमच्या मुंबईत मसाल्यांचा वास कमी आणि जिन्याचा वास जास्त आहे. शेवटी छापली गेली. दुसरी गाजली. सुटाबुटात ते साहित्य मेळाव्यांना गेले, टेबलामागे बसून सह्या केल्या, आणि सोमवारी परत छत्र्यांच्या खिडकीवर हजर. तिसरी फारशी कोणी वाचली नाही, चौथी त्याहून कमी. आमच्या लायब्ररीत त्यांचं एकच पुस्तक होतं, तेही कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांत छापलेलं. ते त्यांनी मला मोठ्या अभिमानाने नेऊन दाखवलं होतं. "बघ, मी जाडा झाला," म्हणाले.

चारही कादंबऱ्या मुंबईतल्या एकाच इमारतीवर. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, एकेका मजल्याला एकेक पुस्तक. ती इमारत पाडून तिथे केव्हाच टॉवर उभा राहिला होता. पाचवी कादंबरी गच्चीची. गच्चीवर राहणारी, सगळ्या मजल्यांची भांडी घासणारी कोकणातली सुंदरबाई तिची नायिका. "गच्ची झाली की मी सुटते," काका म्हणत.

मी एकदा विचारलं होतं, "काका, एवढी वर्षं इथे राहून इथलं काहीच कसं लिहिलं नाहीत?"

ते म्हणाले, "डिकरी, मला इथे अजून भीती वाटते. काउंटरवर कोणी नाव विचारलं की अजून घसा सुकते. पेरीनला इथल्या जमिनीत ठेवली, तेव्हापासून जास्तच. जिथे भीती वाटते तिथलं लिहिता येत नाय मला."

तेव्हा मला ते जरा नाटकी वाटलं होतं. मी तर इथे शिकायला आले, नोकरीला लागले, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवला, घर घेतलं. घाबरायला वेळ कोणाला होता? पुढच्याच हिवाळ्यात ती भीती माझ्या घरी मुक्कामाला आली.

मी वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, चालवणं, हे माझं काम. कोरोनाच्या पहिल्या वर्षी, हिवाळा भरात असताना, आमच्याकडे पहिली केस निघाली. त्यानंतरचे दिवस आठवतात ते वासाने: सॅनिटायझर, रबरी हातमोजे, मास्कच्या आतला स्वतःचाच आंबट श्वास. सकाळी कामावर गेलं की दारावरच्या पाट्या आधी वाचायच्या. काल इथे एक नाव होतं, आज पाटी कोरी. ज्या बाईचे केस मी मंगळवारी विंचरले ती शुक्रवारी नव्हती. तिच्या लेकीने खिडकीच्या काचेला बाहेरून हात लावून निरोप घेतला, आणि आतून तिचा हात काचेला लावून धरायचं काम माझं होतं.

घरी आले की गॅरेजमध्ये सगळे कपडे काढून पिशवीत भरायचे आणि तशीच थेट बाथरूममध्ये जायचे. ईरा, माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. ती दारात येऊन उभी राहायची. "Mumma, can I hug you now?" असं विचारायची, आणि मी आतून ओरडायचे, "थांब गं, केस धुऊ दे!" मी काही एरवी ओरडणारी आई नाही. पण मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली होती. वाटायचं, आपण जिथे हात लावू तिथे काहीतरी मरेल.

सावककाकांच्या घरात जाणं मी त्याच आठवड्यात बंद केलं. ऐंशीचं वय, दम्याची जुनी खोड. मी घरात शिरणं म्हणजे त्यांच्या गळ्याला हात घालणं. त्यांचा मुलगा पर्थला. त्या राज्याची सीमा बंद, त्याला येताच येईना. त्याने फोनवर मला एवढंच सांगितलं, "मीनल, प्लीज कीप ॲन इयर आउट फॉर डॅड." ते मी अक्षरशः केलं. डबा अमेय दारात ठेवायचा, आणि संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यापाशी उभे राहून कान लावायचो. अलार्म वाजला की अमेय म्हणायचा, "लागली हजेरी." ईरा टाळ्या पिटायची, "Savak kaka's alive!" मी तिच्यावर डोळे वटारायचे, पण माझाच श्वास त्या आवाजासरशी मोकळा व्हायचा. ज्या अलार्मला मी इतक्या शिव्या घातल्या, त्याच्याशिवाय मला जेवण जाईना.

त्यांचे फोन मात्र चालू होते. जुलैमध्ये कधीतरी दुपारी फोन आला. "डिकरी, अर्जंट काम आहे. माझ्या सुंदरबाईच्या हातातली बांगडी फुटते. ती काय बोलेल? 'माझी बांगडी फुटली' असं बोलेल ना?"

"छे छे, काका," मी म्हटलं. "फुटली म्हणायचं नसतं. बांगडी वाढली म्हणायचं. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो."

पलीकडून हळूच आवाज आला, "फुटली तरी वाढली?"

"हो. अशुभ बोलायला नको म्हणून."

"माय गॉड. सगळी उमर मी इंग्लिशमध्ये लिहिते, मला कोणी असा शब्द दिला नाय." आणि मग त्यांचं ते खोकल्यात संपणारं हसू.

त्या दिवसापासून त्यांना नवं खेळणं मिळालं. केटल वाढली. मायक्रोवेव्ह वाढला. "माझा तो लंडनचा पब्लिशर, तो पण वाढला, गेल्या वर्षीच." दिवसाला एक तरी मेसेज यायचा, मराठी पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला, आणि शिफ्टच्या मधल्या दहा मिनिटांत तो वाचून मी मास्कच्या आत हसायचे. पुढे आमच्याकडचे पेशंट वाढले, म्हणजे खऱ्या अर्थाने वाढले, माझं उत्तर देणं कमी झालं आणि तो खेळही मागे पडला.

ऑगस्टमध्ये माझ्याबरोबर जोडीने काम करणारी मुलगी पॉझिटिव्ह निघाली. मला टेस्ट करून रिपोर्ट येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या ड्राइव्हवेच्या टोकाला उभी राहून काकांना ते सांगितलं. मधे दोन्ही घरांचे कचऱ्याचे डबे. ते खुर्ची टाकून बसले होते, गळ्यात पेरीनने विणलेला मफलर.

"घाबरली काय?" त्यांनी विचारलं.

"घाबरलेय, काका," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "मला झालं असेल तर ईराला होईल. अमेयला होईल. तुम्हाला..."

"मला काय होते? मी गच्चीवर आहे. आजार जिना चढून येईल तोपर्यंत मी पुस्तक संपवते," ते म्हणाले. पण हसले नाहीत. मग म्हणाले, "फक्त मला हॉस्पिटलमध्ये पाठवू नको हां. तिथे गेलेला माणूस काचेतून दिसते, परत येत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांच्या लांबलचक रांगेत बसून मी टेस्ट करून आले. नाकात काडी गेल्याने डोळ्यांतून पाणी, डोकं जड. अमेय विमानतळावर मालाच्या शेडमध्ये कामाला, त्याची शिफ्ट रात्रीपर्यंत. ईरा टेबलावर लॅपटॉप मांडून शाळेत. मी पलंगावर आडवी झाले, तेवढ्यात काकांचा मेसेज आला.

'Aaj jara vadhlo. Daba nako.'

आज जरा वाढलो. डबा नको.

मी हसले. खरंच हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. तेव्हा सगळी दुनियाच वाढत होती. घरात बसून बसून अमेयच्या पँटा लागेनात, माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज वजनाचे विनोद. मला वाटलं, म्हातारबुवांनी काट्यावर पाय ठेवलेला दिसतोय आणि आता डाएट. मी अर्धवट झोपेत लिहिलं, 'मीपण वाढलेय काका!' आणि पुढे हसणारं तोंड टाकलं. थोड्या वेळाने त्यांच्याकडून दोन जोडलेले हात आले. मी फोन उशीखाली सरकवला आणि झोपून गेले.

उठले तेव्हा उन्हं कलली होती. मी भाजी चिरायला घेतली. बाहेर हळूहळू अंधारून आलं. ईरा टेबलावरून म्हणाली, "Mumma, it hasn't rung."

"वाजेल," मी म्हटलं.

नाही वाजला. पावणेसहा झाले. रस्त्यावरचे दिवे लागले. मी फोन केला, रिंग जात राहिली, कोणी उचलेना. परत केला. भिंतीला कान लावला तर पलीकडे फ्रिजची घरघर. मी मेसेज परत उघडला, आणि मग त्या एका शब्दाने जणू कूस बदलली. वाढलो. जाड झालो नव्हे. हा माणूस मराठीत 'वाढणं' एकाच अर्थाने वापरतो, मीच शिकवलेल्या. सकाळपासून तो माणूस मला सांगत होता की तो मोडलाय, आणि मी वीस पावलांवर झोपले होते.

त्यांची किल्ली आमच्याकडे होती. किल्ली हातात घेऊन मी दारात थांबले, हे मी कधीच नाकारणार नाही. रिपोर्ट आला नव्हता. माझ्या श्वासात काय आहे मला माहीत नव्हतं. गेले तर मी त्यांना मारीन, नाही गेले तर ते एकटे मरतील. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "इज ही ब्रीदिंग?" मला सांगता येईना. "कॅन यू गो अँड चेक फॉर मी?" त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने मला ढकललं. मास्क, त्यावर दुसरा मास्क, चेहऱ्यावर प्लास्टिकची ढाल, हातमोजे, अंगात कामावरचा निळा गाऊन. ईराला म्हटलं, जागची हलू नकोस. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती होती ती मी दिली होती.

काका स्वयंपाकघराच्या फरशीवर एका कुशीवर पडले होते. शेजारी कपाटातून काढलेली लोबानची बरणी, फुटलेली. चष्मा दूर, एक काच गेलेली. फोन फ्रिजखाली सरकलेला. मला तशा वेषात बघून ते दचकले आणि हाताने मागे सरकायला बघू लागले. "कोन? कोन आहे?"

"मी आहे, काका. मीनल. जवळ येत नाही हं."

"डिकरी," ते म्हणाले आणि डोळे मिटले. "पहिला दिवो बघ."

एवढंच त्यांना हवं होतं. पेल्यातलं तेल तळाला गेलं होतं, वात फडफडत होती. मी बाटलीतून तेल ओतलं आणि ज्योत सरळ झाली. ॲम्ब्युलन्सची माणसं आली, तीही नखशिखान्त झाकलेली. स्ट्रेचरवरून काका माझ्याकडे बघत होते. नको पाठवू म्हणून विनवलेल्या ठिकाणीच मी त्यांना पाठवत होते. मी तीन हात दूर उभी होते. मला त्यांच्या हाताला हातसुद्धा लावता आला नाही.

दुसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. सगळा हिवाळा मी श्वासातून काय घरात नेईन म्हणून मरत होते. नेला काय, तर एक शब्द.

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, पण नंतर छाती भरली. भेटायला कोणालाच सोडत नव्हते. आठव्या दिवशी एका नर्सने टॅबलेट त्यांच्या तोंडासमोर धरला. चेहरा निम्माच दिसत होता, नाकात नळी. मी दिवसभर शब्द जुळवले होते: काका, माझं चुकलं, मी समजले नाही, मी हसले. पण त्यांनीच आधी विचारलं, धापा टाकत.

"तू कशी आहे आता?"

"मी? मला काय झालंय, काका?"

"तूच लिहिला ना. तू पण वाढली." त्यांनी दम घेतला. "चष्मा नव्हता, पण तेवढा वाचला. मला समजला, तुझा आजार टेस्टमध्ये आला. मग फोन नाय केला. मी बोललो, पोरगी स्वतः मोडलीय, तिला कशाला उठवायची. वर देवाला हात जोडले, तुझ्यासाठी."

हसणारं तोंड त्यांना दिसलंच नव्हतं. फरशीवर पडल्या पडल्या, मोडलेल्या खुब्यानिशी, ते सात तास गप्प राहिले होते, कारण त्यांना माझी काळजी वाटली.

"मी बरी आहे," मी म्हटलं. जुळवलेले शब्द तसेच राहिले.

"बस," ते म्हणाले. "मग झाला." नर्सने टॅबलेट बाजूला नेला. तिसऱ्या दिवशी पर्थहून त्यांच्या मुलाचा फोन आला, आणि त्याच्या नुसत्या श्वासावरून मला कळलं.

दिवा मी पुढे त्याला येता येईपर्यंत सांभाळला. तो आला तेव्हा घर आवरताना टेबलावर गच्चीची पानं सापडली. शेवटच्या पानावर सुंदरबाई बांगडीचे तुकडे गोळा करतेय आणि म्हणतेय, वाढली गं बाई. त्याखाली रेघ मारून काकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, इंग्रजीत: आता खाली उतरायचं, क्रेगीबर्नचा रस्ता लिहायचा, शेजारच्या मुलीपासून सुरुवात. त्याखालचं पान कोरं होतं.

त्या घरात आता एक पंजाबी जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. त्यांचा अलार्म कधीच वाजत नाही.

अमेयने शिडीवर चढून आमच्या अलार्मची बॅटरी बदलली आणि तपासायला बटण दाबलं. अलार्म जोरात ओरडला. ईरा आता पंधरा वर्षांची आहे, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. पण तिच्या खोलीचं दार उघडलं आणि ती तिथेच उभी राहिली, मघाची मी उभी होते तशी. अमेय खाली उतरला.

मग मी, दर हिवाळ्यात एकदा करते तसा, फोन काढला आणि तो मेसेज उघडला. आज जरा वाढलो. त्याखाली माझं हसणारं तोंड, त्याखाली त्यांचे जोडलेले हात. त्याखाली मी लिहिलं, 'काका, मी नुसती जाड झाले होते.' जरा वेळ बघत राहिले, आणि पुसून टाकलं.